पावशेर कापूस

शरणपूरला आमची आणि नजमुद्दीन पिंजाऱ्याची भिंत एकच.
आम्ही खिळा ठोकला की त्यांचं कॅलेंडर हलायचं.
त्या कॅलेंडरात रोजे दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत,
थंडीतून पावसाळ्यात, पावसाळ्यातून मे महिन्यात.
आमचा नाताळ सरकारी नोकरासारखा,
ठरल्या तारखेला हजर.

हाजराबी पाणी बसूनच प्यायची.
सिव्हिलची ड्युटी करून मी उभ्यानंच तांब्या रिकामा करायचे.
"बैस गं सुवार्ता, पाणी काय पळून जातं?"

तिचा इरफान आमच्याकडे जेवायला असला
की आमची प्रार्थना लांबत जाई, तो डोळे मिटत नसे,
आमेनच्या आत बोटानं रस्सा चाखून मोकळा.
केकमध्ये रम नाही
हे मी दर वर्षी शपथेवर सांगायचे.
(शपथ वाहू नका, असं आमच्या पुस्तकात आहे.
पण शेजार मोठा.)

पप्पा गेले तेव्हा आम्ही थांबलो.
भाऊ मस्कतहून यायचा होता.
दोन दिवस बर्फ, दोन दिवस गीतं,
आणि नजमुद्दीनचाचा दर दोन तासांनी दारात:
"आला का? माणसाला असं अडवून धरू नये, बेटा."
मग पेटी आली, मापातली, आतून पांढरं सॅटिन.
उशी राहून गेली होती.
मी सांगायला गेले.
"उशी? आता?"
एवढंच म्हणाले.
त्र्यंबक नाक्याच्या दुकानात मशीन होतं,
तरी त्यांनी खुंटीवरची जुनी पिंजण काढली.
रात्री भिंतीपलीकडं तांत वाजत राहिली.
पावशेर कापूस.
पैसे घेतले नाहीत.
"सरकी एक नाही आत. टोचणार नाही."

ते गेले पहाटेच्या नमाजनंतर.
मी पहिल्या पाळीला, फोन लॉकरमध्ये.
दुपारी तीनला सुटले, तडक गणेशवाडीच्या फुलबाजारात,
निशिगंधाचं चक्र बांधून घेतलं, रिबिनीवर नाव.
रिक्षातून उतरले तर गल्लीत
नुसत्या रिकाम्या खुर्च्या, एकावर एक रचलेल्या.
जोहरलाच नेलं होतं.
चक्र कुठं ठेवावं कळेना, ओट्यावर टेकवलं.
ईदसाठी बांधलेल्या बोकडानं मान लांबवली
आणि मी बाहेर येईपर्यंत
निशिगंध संपवून तो रिबिनीला लागला होता.
हाजराबी हसली. त्या दिवशी. तोंडाला पदर लावून.
मग तो पदर तिनं बराच वेळ काढला नाही.

इरफानला विचारलं.
तो म्हणाला, आंघोळ घातली, तीन कापडं, कापूर.
कापूस?
"लावला ना. नाकाला, कानाला."
तेवढा बोळा मला ठाऊक आहे,
वॉर्डात अंगठ्यानं दिवसाला पन्नास वळते मी.
आणि डोक्याखाली?
"माती. तोंड पश्चिमेला करून."

अर्ध्या नाशिकला ज्यानं झोपवलं.

ईस्टरच्या अंधारात आम्ही मेणबत्त्या घेऊन कबरींवर जातो,
बाया, पोरं, सगळी.
हाजराबी दारात उभी होती.
"तुम्हाला बायांना जाऊ देतात?"
देतात.
"मग येताना आमच्या भिंतीवरून डोकाव.
त्यांच्यावर गवत आलंय का बघ."

मी चवड्यांवर उभी राहिले.
आमच्यात संगमरवर, नाव, वचन, जन्म, मरण.
तिथं मातीचे उंचवटे,
कुठला त्यांचा, कोण सांगणार?
सगळ्यांवरच गवत होतं, पांढरे तुरे आलेलं.

"आलंय," मी म्हणाले.
"हिरवं?"
"हिरवं."
"असू दे. ते उपटायचं नसतं.
गवत नाव घेत राहतं अल्लाचं."

पप्पांची कबर मी नुकतीच लख्ख करून आले होते,
मुळांसकट.
नखांत अजून हिरवं होतं.
तिनं तांब्या पुढं केला.
हात धुऊन येते म्हणून
मी उठले.